शेततळ्यातल्या माशांना उवा, कृमी, पांढरे ठिपके: आधी बघा, मग मोजा, मगच औषध

फेब्रुवारी उजाडला, तळ्याचं पाणी उतरायला लागलं की मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. "माशांना उवा झाल्यात, काय टाकू?" मी विचारतो, उवाच आहेत हे कशावरून? मासा हातात घेऊन बघितला का? तळ्यात पाणी किती घनमीटर आहे? पलीकडे शांतता. बहुतेक वेळा बाटली आधीच विकत आणलेली असते, विचारायचं असतं ते फक्त किती झाकणं टाकायची एवढंच.

मी हसत नाही, कारण पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं. तळं डाळिंबासाठी काढलेलं, मासे मागाहून आले. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, पिशवीतून थेट पाण्यात सोडली. मार्चमध्ये रोहूच्या अंगावर उवाच उवा. कपाशीवर मारायचं औषध कुणीतरी सुचवलं, मी ते ओतलं. सकाळी निम्मे मासे पालथे. उवाही मेल्या खऱ्या, पण त्यांची अंडी तळ्याच्या कागदाला, म्हणजे तळाला अंथरलेल्या प्लास्टिकला, चिकटलेली होती. पंधरा-वीस दिवसांत उरलेल्या माशांवर पुन्हा तेच.

खाली जे लिहिलंय ते कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस, गवत्या अशा माशांसाठी आहे, आणि चहूबाजूंनी पीक असलेल्या तळ्यासाठी. नदीत किंवा धरणात औषधोपचार करता येत नाही. तिथे फक्त ओळख आणि खाण्याबद्दलचा भाग उपयोगी पडेल.

प्राणवायू की परजीवी?

पहाटे सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताहेत आणि ऊन चढल्यावर खाली जाताहेत, तर तो प्राणवायूचा प्रश्न आहे. शेवाळ जास्त झालं किंवा खाद्य उरलं की असं होतं. अशा वेळी औषध टाकणं म्हणजे गुदमरलेल्याचं नाक दाबणं.

परजीवी असले की वागणं वेगळं असतं. भर दुपारीही काही मासे काठाला किंवा पाणी पडतं त्या पाइपाखाली घोळक्याने थांबतात. कुशीवर होऊन अंग घासतात, मधूनच पांढरं पोट चमकतं. उवा असतील तर उड्या मारतात. खाद्य टाकल्यावर येतात, पण अर्धवट खाऊन फिरतात. डोकं मोठं आणि अंग बारीक दिसायला लागलं, तर आजार बरेच दिवस आत मुरलाय असं समजा.

मासा हातात घ्या

दर पंधरा दिवसांनी, आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला, पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकून १०-१५ मासे काढा. काठाला आलेले आजारी दोन आणि मधले धडधाकट वाटणारे बाकीचे, असे दोन्ही हवेत. नुसते आजारीच बघितले तर तळ्याचा अंदाज चुकतो. मेलेला मासा तपासणीला फारसा कामाचा नाही. मासा मेला की उवा आणि बारीक जीव त्याला सोडून जातात.

पांढऱ्या टबात तळ्याचंच पाणी घ्या, हात ओले करा आणि मासा आडवा धरून क्रमाने बघा: परांची मुळं, पोटाखालची बाजू, डोळ्यांभोवती, मग कल्ल्याचं झाकण उचलून आत. निरोगी कल्ला ताज्या डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल असतो. फिका, सुजलेला, चिकट किंवा दाणेदार कल्ला दिसला की थांबा.

बारीक जीवांसाठी भिंग पुरत नाही. परामागचा चिकटा बोथट पट्टीने खरवडून काचपट्टीवर घ्या, एक थेंब तळ्याचं पाणी, वर पातळ काच. जवळच्या शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक चालतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातले शास्त्रज्ञ मनू प्रकाश यांच्या चमूने काढलेला कागदाचा फोल्डस्कोपही चालतो, तो १४० पट मोठं दाखवतो. नमुना घेतल्यापासून पाच-दहा मिनिटांत बघा, नाहीतर जीव थंड पडतात आणि ओळखू येत नाहीत.

काय दिसलं तर काय समजायचं

ऊ, म्हणजे अरग्युलस: आपल्याकडे कार्प, म्हणजे कटला-रोहूच्या जातीच्या, माशांचा हा सगळ्यात मोठा त्रास, आणि त्यातही रोहूला जास्त. चपटी, गोलसर, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास, काचेसारखी पारदर्शक, त्यात दोन काळे डोळे. पहिल्यांदा बघणाऱ्याला खवलाच वाटतो. बोटाने ढकलला की खवला चालू लागतो. ही रक्त पिते, आणि ती टोचते त्या जागी लाल ठिपका पडून पुढे जखम चिघळते. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: मादी अंडी माशावर घालत नाही. ती मासा सोडून जाते आणि दगड, काठी, पाइप, तळ्याचा कागद अशा कुठल्याही टणक जागी ओळीने अंडी चिकटवते. औषध अंड्यांना शिवत नाही. माझा पहिला घात इथेच झाला.

नांगर कृमी, म्हणजे लर्निया: अंगातून बारीक पांढरट-हिरवट दोरा लोंबतोय असं दिसतं, मुळाशी लाल सूज. दोऱ्याच्या टोकाला दोन छोट्या पिशव्या दिसल्या तर ती अंडी. डोकं नांगराच्या फाळासारखं मांसात रुतलेलं असतं, म्हणून ओढून काढायला गेलं की दोरा तुटतो आणि फाळ आतच राहतो. गरम पाण्यात अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंतचा फेरा तीन-चार आठवड्यांत पुरा होतो.

पांढरे ठिपके, म्हणजे इक: अंगावर रवा भुरभुरल्यासारखं. थंडीत, विशेषतः बोटुकलीवर. हा जीव कातडीच्या आत असतो, तिथे औषध पोचत नाही. तो पिकून खाली पडतो, तळाशी फुटतो, त्यातून शेकडो पिल्लं निघतात आणि नवा मासा शोधतात. त्या उघड्या अवस्थेतच त्याला गाठता येतं. २५ अंशांच्या पाण्यात हा फेरा पाच-सहा दिवसांचा, थंड पाण्यात लांबतो. एकदाच औषध देऊन "गुण आला नाही" म्हणणाऱ्यांचं गणित इथे चुकतं.

ट्रायकोडिना: अंगावर राखाडी साय. सूक्ष्मदर्शकाखाली दातेरी चकती गरगर फिरताना दिसते. ही दिसली तर औषधाआधी तळ्यात शेण आणि कोंबडीखत किती गेलंय ते आठवा. घाण पाण्याचा हा पाहुणा. पाणी सुधारलं, मासे विरळ केले की पुष्कळदा आपोआप उतरतो.

कल्ल्यातले कृमी: डॅक्टिलोगायरस कल्ल्यावर, त्याला चार डोळ्यांचे ठिपके असतात आणि तो अंडी घालतो. गायरोडॅक्टिलस बहुधा कातडीवर, बिनडोळ्यांचा, थेट पिल्लू देणारा. पिल्लाच्या पोटात आधीच पुढचं पिल्लू असतं, म्हणून तो झपाट्याने वाढतो. कल्ल्यात कृमी असले की माशाचं कल्ल्याचं झाकण अर्धवट उघडं राहतं.

कल्ल्यावर किंवा परावर साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गाठी घट्ट बसलेल्या असतील, दाबल्यावर दुधाळ पाणी निघत असेल, तर तो मिक्सोबोलसच्या जातकुळीतला. यावर औषध नाही. कुणी विकत असेल तर घेऊ नका. असे मासे काढून चुना टाकून खोल पुरा. बांधावर फेकले की कुत्री आणि पक्षी ते पसरवतात.

कातडीत काळे दाणे दिसले तर ती चपट्या कृमींची पोरं. अंडी पाणपक्ष्यांच्या विष्ठेतून पडतात, अळ्या पाण्यातल्या गोगलगायीत वाढतात, तिथून माशात शिरतात, आणि तो मासा बगळ्याने किंवा पाणकावळ्याने खाल्ला की फेरा पूर्ण. इथेही माशाला औषध देऊन काही साधत नाही. गोगलगायीचं बघायचं.

जळू सगळ्यांना ओळखू येते. मिठाच्या पाण्यात मासा धरला की सुटते.

ओळख पटत नसेल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहाय्यक आयुक्तांच्या कार्यालयात जा. नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालयं आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. केंद्र सरकारचं 'रिपोर्ट फिश डिसीज' हे मोबाइल ॲप २०२३ पासून आहे. फोटो काढताना माशाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, आकार कळतो.

पाणी मोजल्याशिवाय बाटली उघडू नका

शेततळं चौकोनी डबा नसतं, त्याला उतार असतो. सरकारी मापाचं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं घ्या. उतार एकास एक, म्हणजे तळ २४ बाय २४. वरचं क्षेत्रफळ ९००, तळाचं ५७६, मधल्या उंचीवरचं २७ गुणिले २७ म्हणजे ७२९. वरचं अधिक तळाचं अधिक मधल्याची चौपट, भागिले सहा, गुणिले खोली. उत्तर २१९६ घनमीटर. शेततळ्याच्या सरकारी अंदाजपत्रकातही हाच आकडा सापडेल.

आता पाणी एक मीटरवर आलं तर? पाण्याच्या पातळीला २६ बाय २६, म्हणजे ६७६, तळ ५७६, मध्ये २५ गुणिले २५, ६२५. उत्तर ६२५ घनमीटर. भरलेल्या तळ्याच्या हिशेबाने औषध टाकलं तर साडेतीन पट मात्रा झाली. उन्हाळ्यात औषधाने मासे मेल्याच्या बऱ्याच कहाण्यांचं मूळ या चुकलेल्या हिशेबात आहे.

एक ग्रॅम प्रति घनमीटर म्हणजे एक पीपीएम. यापलीकडे गणित नाही.

मीठ: टबात देव, तळ्यात शत्रू

सगळ्यात खात्रीचं औषध वाण्याकडे मिळतं. २० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम जाडं मीठ विरघळवा, म्हणजे अडीच टक्के. त्यात जाळीतले मासे दोन-तीन मिनिटं बुडवा, नजर हटवू नका. मासा कलंडायला लागला की लगेच साध्या पाण्यात. ट्रायकोडिना, कातडीवरचे कृमी, जळू यांना याने चांगला उतार पडतो, उवाही बऱ्याच सुटतात. टबातलं वापरलेलं पाणी तळ्यात ओतू नका; सुटलेल्या उवा जिवंत असतात.

पांढऱ्या ठिपक्यांच्या बोटुकलीला वेगळ्या टाकीत लिटरला ३ ते ५ ग्रॅम मीठ ठेवून आठवडाभर राखता येतं. हवा सोडणारा पंप हवाच.

पण हेच प्रमाण तळ्यात नको. लिटरला ३ ग्रॅम म्हणजे भरलेल्या २१९६ घनमीटरला साडेसहा टन मीठ. ते पाणी पुढे ठिबकमधून डाळिंबाला, द्राक्षाला जाणार आहे. मत्स्यपालनाची पुस्तकं हे सांगत नाहीत, कारण ती पिकाच्या तळ्यासाठी लिहिलेली नाहीत.

पोटॅशियम परमँगनेट

तळ्यात देण्यासाठी २ ते ४ पीपीएम सांगितलं जातं. मी दोनच्या वर जात नाही. आधी बादलीत चाचणी करा: एक लिटर साध्या पाण्यात एक ग्रॅम विरघळवा, त्यातलं २० मिलिलिटर तळ्याच्या १० लिटर पाण्यात घाला. हे झालं २ पीपीएम. गुलाबी रंग पंधरा-वीस मिनिटांत तपकिरी झाला, तर तळ्यातली घाणच औषध खाऊन टाकतेय, परजीवीपर्यंत काही पोचणार नाही. तेव्हा मात्रा वाढवायची नाही, आधी पाणी बदलायचं.

ऊन असलेल्या सकाळी द्या, वायुवीजन सुरू ठेवून. ढगाळ दिवशी किंवा मासे पहाटे वर येत असताना कधीच नाही. शेवाळ मरतं आणि रात्री प्राणवायू कोसळतो. फॉर्मेलिन या जंतुनाशक द्रवासोबत तर मुळीच नाही, दोन्ही एकत्र आले की जोरात उकळी फुटते. फॉर्मेलिनचं म्हणाल तर ५ पीपीएममागे पाण्यातला एक पीपीएम प्राणवायू जातो, आणि वाफ आपल्या छातीला वाईट. मी ते घरात आणत नाही.

लर्निया मोजक्या मोठ्या माशांना असेल तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून हळू काढा, मग लिटरला १० मिलिग्रॅम परमँगनेटच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. हजार माशांना हे कुणी करत नाही, मी सांगतही नाही.

कीटकनाशकांबद्दल

जुन्या पुस्तकांत उवांसाठी डायक्लोरव्हॉस आणि ट्रायक्लोरफॉन लिहिलेलं आढळेल. ३१ डिसेंबर २०२० पासून ही दोन्ही औषधं भारतात बंद आहेत. फडताळात जुनी बाटली असेल तरी वापरू नका. मॅलाकाइट ग्रीन हा हिरवा रंग खायच्या माशाला चालत नाही, मग रंगीत माशांच्या दुकानात ते कितीही सहज मिळो.

आता सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनच्या जातीची औषधं वापरली जातात. ऊ मरते ती मात्रा आणि मासा मरतो ती मात्रा यांत अंतर फार थोडं, आणि कटल्याचं खाणं असलेले पाण्यातले बारीक प्राणी पहिल्या फटक्यात जातात. मत्स्यतज्ज्ञाने तळं बघून कागदावर मात्रा लिहून दिली तरच, आणि माशांसाठी म्हणून विकलेलंच औषध. अळीसाठी आणलेली एमामेक्टिनची पुडी खाद्याला चोळण्याचा सल्लाही ऐकलाय. माशाला त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, घरच्या काट्यावर ते जमत नाही.

उवांसाठी माझा भर फळ्यांवर आहे. पाण्यात फूट-दोन फूट खोल, उभ्या, खरखरीत फळ्या, जुनी कौलं किंवा बांबूचे तट्टे दोरीने टांगा. आठ-दहा जागी, दोन संच. मादी अंडी घालायला जागा शोधतच असते. दर पाच-सहा दिवसांनी संच काढा, दिवसभर कडक उन्हात वाळवा, दुसरा लावा. अंडी उन्हाळ्याच्या पाण्यात दोन-तीन आठवड्यांत फुटतात, त्याआधीच ती वाळून जातात. कागदाच्या काठाला, पाण्याच्या रेषेखाली, बोट फिरवा. खरखर लागली तर तिथेही ओळी आहेत, ब्रशने घासून काढा आणि पाणी थोडं उतरवून ती पट्टी उन्हात येऊ द्या. दीड-दोन महिने नेमाने करा. एका आठवड्यात फरक दिसत नाही, म्हणून लोक सोडून देतात आणि पुन्हा बाटलीकडे वळतात.

याच काळात मासे कमी करा. पाणी निम्मं आणि मासे तेवढेच, म्हणजे उवेला पुढचा मासा हाताच्या अंतरावर. विकण्याजोगे आधी काढा. औषध दिलं असेल तर लेबलावरचे दिवस भरल्याशिवाय बाजारात नेऊ नका.

शेत काय पाठवतं

पहिल्या पावसात बांधावरून वाहून येणारं पाणी खत घेऊन येतं. खताने शेवाळ, शेवाळाने गोगलगायी, गोगलगायींनी कृमी. २००८ मध्ये अमेरिकेत बेडकांवर झालेल्या अभ्यासात ॲट्राझिन हे तणनाशक आणि फॉस्फेट असलेल्या पाण्यात कृमींच्या अळ्या वाढलेल्या दिसल्या. तणनाशकाने तरंगतं शेवाळ मरतं, उजेड खाली पोचतो, तळाशी चिकटलेलं शेवाळ वाढतं, त्यावर गोगलगायी पोसतात; वर बेडकाची प्रतिकारशक्तीही घटते. बेडूक आणि मासा एक नव्हे, पण ॲट्राझिन आपल्याकडे उसात आणि मक्यात सर्रास जातं, आणि गोगलगाय तीच साखळी चालवते.

म्हणून तळ्याभोवती हातभर उंच बांध आणि बाहेर चर. फवारणीचा पंप तळ्यावर धुवायचा नाही, वारा तळ्याकडे असताना फवारायचं नाही. कालव्याचं किंवा नाल्याचं पाणी घेत असाल तर पाइपाच्या तोंडाला ६० मेशच्या (इंचाला ६० छिद्रांच्या) कापडाची दुहेरी पिशवी बांधा. उवेची पिल्लं आणि रानमाशांची अंडी अडतात. इकची पिल्लं त्यातूनही जातात, पण माशाविना ती दोनेक दिवसांतच मरतात. बोअरच्या पाण्यात माशांचे परजीवी नसतात, प्राणवायूही नसतो, उंचावरून पाडा.

गोगलगायींसाठी संध्याकाळी केळीची पानं किंवा नारळाच्या झावळ्या काठाला बुडवा, सकाळी ओढून काढा, चिकटलेल्या गोगलगायी वाळवा. बूट घालून उतरा; गोगलगायींतून निघणाऱ्या काही कृमींच्या अळ्यांनी पायाला खाज सुटते.

बीज आणि रिकामं तळं

बोटुकली आणली की पंधरा दिवस वेगळ्या टाकीत किंवा दुसऱ्या पाण्यात बांधलेल्या हाप्यात, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात, ठेवा. त्याच तळ्यातला हापा म्हणजे वेगळं ठेवणं नव्हे. सोडण्याआधी मिठाचं पाणी. पिशवीतलं पाणी फेकून द्या. जाळं एका तळ्यातून दुसऱ्यात नेताना दिवसभर उन्हात वाळवा. उसनं आणलेलं जाळं तर नक्कीच.

मे महिन्यात तळं कोरडं होत असेल तर होऊ द्या. मातीच्या तळ्यात भेगा पडेपर्यंत वाळवून चौरस मीटरला १०० ग्रॅम कळीचा चुना पसरा, २४ बाय २४ च्या तळाला साधारण ५८ किलो. पाणी भरल्यावर दोन आठवडे थांबून बीज सोडा. कागदाच्या तळ्यात चुन्यापेक्षा गाळ काढणं, काठ घासणं आणि आठवडाभराचं ऊन जास्त कामाचं.

असा मासा खावा का?

हा प्रश्न गिऱ्हाईक हमखास विचारतं. ऊ, लर्निया, इक, ट्रायकोडिना माणसाला लागत नाहीत. चपट्या आणि गोल कृमींच्या काही जाती कच्च्या किंवा अर्धकच्च्या गोड्या पाण्यातल्या माशातून माणसात येऊ शकतात, पण आपल्या रश्श्यात किंवा कडकडीत तळलेल्या तुकडीत त्या उरत नाहीत. जाड तुकडी आतून पांढरी आणि सुटी झाली पाहिजे, काट्याजवळ गुलाबी नको. आतडी काढताना वापरलेली पाटी आणि सुरी कोशिंबिरीला नको. ती आतडी कुत्र्या-मांजरांना कच्ची घालू नका आणि तळ्यात परत तर टाकूच नका.

जखमा चिघळलेला, डोळे खोल गेलेला मासा मी विकत नाही. बाकी काळे दाणे असलेला भाग कापून टाकतो आणि गिऱ्हाइकाला दाखवून सांगतो. काही जण घेत नाहीत. जे घेतात ते पुढच्या आठवड्यात परत येतात आणि टबात वाकून पहिल्यांदा कल्ले उघडून बघतात.